प्रेस शॉपमधले अपघात : दंड लावण्याआधी टूल ब्रेकडाऊनचं रजिस्टर उघडा

नमस्कार. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : चाकण भागातली कंपनी, दीडशेच्या आसपास माणसं, त्यातली निम्म्याहून अधिक ठेकेदाराकडची. 40 टनापासून 160 टनापर्यंतच्या मेकॅनिकल प्रेस, म्हणजे पत्रा कापणारी आणि वाकवणारी यंत्रं. तुम्ही मुळात एचआरचे, पण सेफ्टीही तुमच्याकडेच आली आहे. वर्षभरात दोघांची बोटं गेली, एकाची तर्जनी आणि दुसऱ्याची दोन बोटं. दोन्ही वेळा लाइट कर्टन (मध्ये हात आला की प्रेस थांबवणारा किरणांचा पडदा) बायपास केलेला, म्हणजे बंद पाडलेला सापडला. आता व्यवस्थापनानं ठरवलंय की बायपास करताना जो सापडेल त्याला 500 रुपये दंड. आणि कामगारांनी सुरक्षा मनावर घ्यावी म्हणून कोणतं ट्रेनिंग द्यावं, कोणते हातमोजे आणावेत, हे तुम्हाला हवंय.

हातमोजे आणि ट्रेनिंगबद्दल पुढे लिहितोच. पण तुमच्या प्रश्नाच्या आत एक दुसरा प्रश्न आहे आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. ज्या माणसाला आपला हात रॅमखाली (प्रेसच्या वरून खाली येणाऱ्या भागाखाली) जाताना दिवसभर डोळ्यांसमोर दिसतो, तो स्वतःची बोटं वाचवणारी वस्तू बंद का करतो? चौकशी अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहून फाइल मिटवली, तर पुढचं बोट कुठल्या मशीनवर जाणार हे समजायचा मार्गच आपण बुजवतो. पुणे-पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या प्रेस शॉपमध्ये इतकी वर्षं फिरल्यावर माझं मत पक्कं झालंय : गार्ड काढला जातो तिथे बहुतेक वेळा टूल (पत्र्याला आकार देणारा साचा : वरचा पंच आणि खालची डाय), टार्गेट किंवा गार्डची बसवणूक यातलं काहीतरी चुकलेलं असतं.

बऱ्याच गोष्टी तुमच्या मशीनवर, पीसच्या आकारावर आणि पगाराच्या पद्धतीवर अवलंबून आहेत. मशीन न बघता छातीठोक उपाय सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही. म्हणून आधी काय तपासायचं ते सांगतो.

पहिली तपासणी क्लचची. उद्या सकाळी मेंटेनन्सच्या माणसाला घेऊन प्रत्येक प्रेसपाशी उभं राहा आणि विचारा, ही प्रेस 'की क्लच'ची आहे की न्यूमॅटिक क्लच-ब्रेकची, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या आणि रॅम मध्येच थांबवू शकणाऱ्या? जुन्या सी-फ्रेम प्रेस बऱ्याचदा की क्लचच्या असतात; काही ठिकाणी पिन क्लच म्हणतात. त्यात पेडल दाबल्यावर 'की' (लोखंडी खुंटी) फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे फिरत्या जड चाकात अडकते आणि क्रँकशाफ्टचा एक पूर्ण फेरा होतोच. मध्ये थांबायची सोय त्या यंत्रात नाही. सुटलेला बाण परत बोलावता येत नाही, तसाच तो स्ट्रोक. अशा प्रेसवर लाइट कर्टन बसवला तर किरण तुटला हे त्याला कळतं, दिवा लाल होतो, आणि रॅम तरीही खाली येतो. म्हणजे हजारो रुपये खर्च करून आपण ऑपरेटरच्या मनात खोटा भरवसा तयार केला. हे मी एकापेक्षा जास्त कारखान्यांत पाहिलंय. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये 'लाइट कर्टन आहे का' असा रकाना असतो, तिथे टिक करायची म्हणून सगळ्या प्रेसवर सरसकट कर्टन चढवले जातात. क्लच कुठला हे ऑडिटरही विचारत नाही.

की क्लचमध्ये आणखी एक धोका आहे, डबल स्ट्रोक. कीची धार झिजली, स्प्रिंग तुटली किंवा ब्रेकचा पट्टा सैल झाला की एकदा पेडल दाबल्यावर रॅम दोनदा येतो. पहिल्या स्ट्रोकनंतर पीस काढायला ऑपरेटर हात घालतो, त्याच क्षणी दुसरा येतो. अशा वेळी 'कामगारानं पेडलवरचा पाय काढला नाही' असा निष्कर्ष निघतो आणि की बदलायची राहून जाते. प्रेसवर पूर्वी कधी आपोआप स्ट्रोक आला होता का, हे ऑपरेटरना एकेकट्याला विचारा. त्यांना माहीत असतं. विचारणारं कोणी नसतं म्हणून ते सांगत नाहीत.

तर की क्लचच्या प्रेसला हवा पक्का बसवलेला जाळीचा किंवा पॉलिकार्बोनेटचा गार्ड, ज्यात फक्त ब्लँक (कापलेला पत्र्याचा तुकडा) सरकवण्यापुरती फट असेल. ती फट किती ठेवायची हे डायपासूनच्या अंतरावर ठरतं. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे फट 12 ते 20 मिलिमीटर असेल तर धोक्याच्या जागेपासून ती किमान 120 मिलिमीटर लांब हवी, म्हणजे बोटं आत गेली तरी पंचपर्यंत पोचत नाहीत. पीस मोठा असेल आणि फटीतून जात नसेल तर गेट गार्ड लावा : दार पूर्ण बंद झाल्याशिवाय क्लच सुटणार नाही आणि स्ट्रोक पूर्ण होईपर्यंत दार उघडणार नाही. प्रेसची बॉडी चांगली असेल तर न्यूमॅटिक क्लच-ब्रेक बसवून घेता येतो. खर्च मोठा आहे, म्हणून ज्या मशीनवर सर्वात जास्त हाताचं काम आहे तिथून सुरुवात करा.

न्यूमॅटिक क्लच-ब्रेकच्या प्रेसवर लाइट कर्टन उपयोगी आहे, पण बसवायच्या अंतराला हिशेब लागतो. हात सेकंदाला 2 मीटर वेगानं पुढे जातो असं धरतात. किरण तुटल्यापासून रॅम थांबेपर्यंत 0.2 सेकंद लागत असतील, तर त्या वेळात हात 40 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून बारीक किरणांचा कर्टनसुद्धा डायच्या किमान 40 सेंटिमीटर अलीकडे हवा. किरणांमधलं अंतर जास्त असेल तर आणखी अलीकडे. आता ब्रेकचं लायनिंग झिजलं आणि थांबायला 0.25 सेकंद लागू लागले की तोच कर्टन 50 सेंटिमीटरवर हवा. कर्टन जागचा हलला नाही, दिवेही नीट लागताहेत, पण संरक्षण गेलेलं आहे. तुमच्याकडे स्टॉपिंग टाइम शेवटचा कधी मोजला? कर्टन बसवला त्या दिवशी मोजला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. तो ठरावीक काळानं आणि ब्रेकच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर मोजायला हवा, आणि मोजलेला आकडा प्रेसवर रंगवून ठेवायला हवा.

याच हिशेबात बायपासचं एक कारण लपलेलं आहे. ब्रेक सुस्त म्हणून कर्टन लांब बसवला, तर ऑपरेटरला प्रत्येक पीससाठी पुढे वाकून हात लांबवावा लागतो. पाळीभर तेच केलं की खांदा आणि कंबर भरून येते. मग रात्री दोनच्या सुमाराला तो कर्टन बंद करतो आणि स्टूल पुढे ओढून बसतो. त्याला दंड करून त्याची कंबर दुखायची थांबत नाही. ब्रेक दुरुस्त करून कर्टन जवळ आणला, ब्लँकची ट्रे योग्य उंचीवर ठेवली, तर थांबते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो मुद्दा. तुमच्याकडे अपघाताचं रजिस्टर असेल. त्यात दोन नोंदी आहेत. दोन नोंदींतून काही शिकता येत नाही. टूलरूममध्ये मात्र दुसरं रजिस्टर असतं : कुठलं टूल कधी दुरुस्तीला आलं, पंच तुटला, डाय चेपली, स्ट्रिपर (पंचावरून पीस सोडवणारा भाग) वाकला, डबल ब्लँकमुळे टूल बसलं. त्यात वर्षभराच्या भरपूर नोंदी असतील. ते रजिस्टर घ्या आणि सर्वात जास्त वेळा आलेली पाच-सहा टूलं काढा. मग ती टूलं लागतात त्या प्रेसपाशी पाळीचा बराचसा वेळ नुसतं उभं राहा. हात कुठे कुठे आत जातो ते बघा. बहुतेक ठिकाणी बोटं जाण्याची जागा आणि टूल फुटण्याची जागा एकच निघते, कारण दोन्हींचं मूळ एक असतं : पीस अडकतो.

एका कारखान्यातलं उदाहरण देतो, नाव अर्थातच देत नाही. 63 टनी प्रेस, जाड पत्र्याच्या छोट्या ब्रॅकेटचं फॉर्मिंग. न्यूमॅटिक क्लच, चांगल्या प्रतीचा कर्टन, अंतरही बरोबर. तरी कर्टन कायम बायपास. सुपरवायझर म्हणाला, "पोरं ऐकत नाहीत साहेब." मशीनपाशी उभं राहिल्यावर दिसलं की दर थोड्या पीसनंतर एक पीस पंचाला चिकटून वर जात होता. स्ट्रिपरच्या स्प्रिंग थकल्या होत्या आणि ड्रॉइंग ऑइल घट्ट होतं, त्यामुळे तेलाच्या पातळ थरानं पीस पंचाच्या तोंडाला धरून ठेवला जायचा. वर गेलेला पीस मग तिरका होऊन डायवर पडायचा. ऑपरेटरनं त्याकडे दुर्लक्ष करून पुढचा ब्लँक ठेवला असता तर दोन पत्रे एकावर एक येऊन पंच तुटला असता, आणि टूलरूमनं त्याच्या नावानं खडे फोडले असते. म्हणून तो पटकन हातानं पीस ओढून काढायचा. प्रत्येक वेळी किरण तुटून प्रेस थांबायची. पुन्हा चालू करायची किल्ली सुपरवायझरच्या खिशात. सुपरवायझर शॉपच्या दुसऱ्या टोकाला. काही दिवसांनी वैतागून सुपरवायझरनंच किल्ली पॅनेलला लावून बायपासवर फिरवून ठेवली.

यात बेशिस्त कोण? तो पोरगा कंपनीचं टूल वाचवत होता, आणि त्यासाठी आपला हात आत घालत होता.

दुरुस्ती साधी होती. स्ट्रिपरच्या नव्या स्प्रिंग, पंचाच्या तोंडात स्प्रिंगवरची शेडर पिन म्हणजे तेलाची पकड सुटते, हवेच्या नोझलची दिशा बदलून पीस मागे उडेल अशी केली, आणि आत पडलेला पीस ओढायला लांब दांड्याचा मॅग्नेट मशीनला साखळीनं अडकवला. रीसेटचं बटण ऑपरेटरच्या हाताशी आणलं, पण अशा जागी की दाबताना डाय समोर दिसावी. पीस अडकायचा थांबला, हात आत जायचं कारण संपलं, कर्टन कोणी बंद करेना. त्या टूलच्या टूलरूमच्या फेऱ्याही थांबल्या.

मालकाशी बोलायची भाषा इथेच सापडते. सुरक्षा आणि नुकसान-नियंत्रण ही दोन खाती आहेत असं आपल्याकडे धरतात : एक एचआरकडे, दुसरं प्रॉडक्शनकडे. अमेरिकेत फ्रँक बर्ड यांनी 1969 मध्ये 297 कंपन्यांतल्या साडेसतरा लाखांहून अधिक घटनांचा अभ्यास करून जे गुणोत्तर मांडलं, त्यात प्रत्येक गंभीर दुखापतीमागे 10 किरकोळ दुखापती, 30 मालमत्तेच्या नुकसानीच्या घटना आणि 600 काहीच नुकसान न झालेल्या घटना होत्या. हे आकडे तुमच्या शॉपला जसेच्या तसे लागू होणार नाहीत आणि तसे लावूही नयेत. किरकोळ खरचटणी कमी केली की गंभीर अपघात आपोआप कमी होतात, असाही त्याचा अर्थ नाही. पण त्या 30 कडे बघा. मालमत्तेचं नुकसान तुमच्याकडे आधीच लिहून ठेवलेलं असतं, कारण ते पैशाचं असतं. कोणाला घाबरून ते लपवलं जात नाही, किंवा निदान दुखापतीपेक्षा कमी लपवलं जातं.

म्हणून मालकांपुढे जाताना बोटांचे फोटो नेऊ नका. समजा, एक टूल वर्षात सहा वेळा फुटलं. प्रत्येक वेळी दुरुस्तीचा खर्च, एक-दीड पाळी प्रेस बंद, तेवढ्या वेळचं उत्पादन, ग्राहकाची लाइन थांबू नये म्हणून रात्री सोडलेला खास टेम्पो, वर आलेलं रिजेक्शन. हे आकडे अकाउंट्सकडून घ्या, अंदाजानं लिहू नका. एका कागदावर ही बेरीज आणि त्याखाली स्प्रिंग, शेडर पिन, फीड ट्रे यांचा खर्च. मग त्याच प्रेसवर हात किती वेळा आत जातो ते लिहा. ज्या मालकांना 'सेफ्टी' म्हटलं की खर्च दिसतो, त्यांना या कागदावर दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. माझा अनुभव असा की हा कागद क्वचितच परत येतो.

टार्गेटही त्याच बैठकीत काढा. तासाला 400 पीस म्हणजे एका पीसला 9 सेकंद. हे टार्गेट कोणी आणि कसं ठरवलं? गार्ड चालू ठेवून मोजलं होतं का? कर्टनमुळे किंवा दोन हातांच्या बटणांमुळे पीसमागे एक सेकंद वाढत असेल तर तासाला 360 च निघतील. मग 400 चा आकडा फळ्यावर लिहिणं म्हणजे गार्ड काढा असं न बोलता सांगणं आहे. पीस रेट असेल तर तो एक सेकंद थेट कामगाराच्या खिशातून जातो. गार्ड लावून नव्यानं वेळ मोजा आणि टार्गेट त्यावर बेता. प्रॉडक्शन मॅनेजर नाराज होतील. पण पीस अडकायचे थांबले की गेलेले सेकंद बऱ्यापैकी भरून निघतात, हे त्यांना आकड्यांनी दाखवता येतं.

दोन हातांच्या बटणांचा विषय निघालाच आहे तर : एक बटण पट्टी लावून किंवा बोल्ट टेकवून दाबून ठेवलेलं दिसलं, तर तुमचं कंट्रोल जुनं आहे. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली तरच स्ट्रोक येईल आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावीच लागतील, अशी कंट्रोल मिळतात. आणि मागच्या बाजूला पीस उचलणारा हेल्पर असेल तर त्याला वेगळी दोन बटणं हवीत. ऑपरेटरचे हात बटणावर असले तरी हेल्परचे आत असू शकतात.

आता दंडाबद्दल. कायद्याच्या दृष्टीनंही तुमचा 500 रुपयांचा बेत टिकणारा नाही. पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट, 1936 मध्ये दंडावर मर्यादा होती आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती तशीच ठेवली आहे : एका वेतन कालावधीतला एकूण दंड त्या काळातल्या पगाराच्या 3% पेक्षा जास्त असता कामा नये. दंडाची कारणं मंजूर करून घेऊन सूचना फलकावर लावलेली हवीत, माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी, आणि जमा झालेली रक्कम कामगारांच्या हितासाठीच वापरायला हवी. 15 हजार पगाराच्या माणसाचे 3% म्हणजे 450 रुपये. शिवाय कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 21 प्रमाणे धोकादायक भागाला भक्कम कुंपण घालायची आणि भाग चालू असताना ते जागेवर ठेवायची जबाबदारी कारखान्यावर होती. नव्या संहितांमुळे कलमांचे आकडे बदलले तरी ती कामगाराच्या गळ्यात टाकता येत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी दंडाचा परिणाम काय होतो ते मला अनेकदा बघावं लागलंय. बायपास थांबत नाही, लपतो. पूर्वी कर्टनच्या तारेला दिसेल असा जुगाड असायचा, तो आता पॅनेलच्या आत जातो. साहेब येताना दिसले की एकजण शिट्टी वाजवतो. आणि स्प्रिंग थकली आहे, ब्रेक उशिरा लागतोय, हे सांगायला कोणी तुमच्याकडे येत नाही, कारण सांगायला आलेल्यालाच विचारलं जातं, "मग इतके दिवस काम कसं करत होतास?"

जाणूनबुजून, सगळं ठीकठाक असताना, पुन्हा पुन्हा गार्ड काढणारा माणूसही असतो, नाही असं नाही. त्याच्यावर रीतसर कारवाई करा. पण आधी वरची तपासणी पूर्ण झालेली हवी, आणि बायपासची किल्ली ज्याच्या खिशात होती त्या सुपरवायझरलाही तोच नियम लागू हवा.

तुम्ही प्रश्नात सहज एक गोष्ट लिहून गेलात की गेटवर 'अपघाताविना दिवस' असा फलक आहे आणि 200 दिवस झाले की सगळ्यांना बक्षीस असतं. ते बक्षीस बंद करा. शंभर-दीडशे माणसांचं बक्षीस बुडू नये म्हणून चिरलेला हात रुमालात गुंडाळून माणूस घरी जातो. त्याहून वाईट म्हणजे त्याला बाहेरच्या खासगी दवाखान्यात नेऊन रोख बिल भरलं जातं आणि नोंदच होत नाही. अपघातामुळे माणूस 48 तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकला नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, म्हणजे आपण ज्याला डिश म्हणतो त्यांना, कळवावंच लागतं. फलकावरचा आकडा वाढवायच्या नादात हे टाळणारे कारखाने आहेत आणि नंतर ते फार महागात पडतं.

मोठ्या उद्योगातलंही एक उदाहरण सांगतो. 23 मार्च 2005 ला अमेरिकेत टेक्सस सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन 15 माणसं गेली, 180 जखमी झाली. त्याच दुपारी ठेकेदाराच्या माणसांना चांगल्या सुरक्षा-कामगिरीबद्दल जेवण दिलं होतं. नंतरच्या चौकशीत ठपका आला तो याच गोष्टीवर की कंपनी दुखापतींचा कमी दर बघून समाधानी होती आणि यंत्रणेतल्या बिघाडांकडे तिचं लक्ष नव्हतं. तुमचा कारखाना लहान आहे, पण फलकाचा धोका तोच.

त्या फलकाच्या जागी दुसरा लावा : या आठवड्यात किती धोके सांगितले गेले, त्यातले किती दुरुस्त झाले, उरलेले कोणाकडे अडकले आहेत. सांगणाऱ्याचं नाव लावायचं की नाही ते त्याला विचारून ठरवा. पहिले काही आठवडे फुटकी टाइल आणि बंद पंखा अशाच तक्रारी येतील. त्यासुद्धा दुरुस्त करा. पंखा दुरुस्त झालेला दिसला की मग ब्रेकबद्दल बोलायला माणूस येतो.

टूल सेटिंगबद्दल स्वतंत्र लिहिलं पाहिजे, कारण ऑपरेटरवर सगळ्यांचं लक्ष असतं आणि टूल बसवणाऱ्या सेटरवर कोणाचंच नसतं. सेटरला डायमध्ये हात घालावाच लागतो, गार्ड काढावाच लागतो. त्याचं संरक्षण वेगळं. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं आणि तेवढ्या वेळात चुकून पेडलवर पाय पडला तर पूर्ण ताकदीचा स्ट्रोक येतो. म्हणून क्रम असा : मोटर बंद, मेन स्विचला सेटरचं स्वतःचं कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात, फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट, हवेचा दाब सोडणं, आणि मग रॅम आणि बोल्स्टरच्या (प्रेसच्या खालच्या टेबलाच्या) मध्ये सेफ्टी ब्लॉक. हा ब्लॉक मोटरच्या इंटरलॉकला जोडलेला हवा, म्हणजे तो ठेवायच्या खणातून उचलला की मोटर चालू होऊच शकत नाही. बहुतेक शॉपमध्ये ब्लॉक असतो, रंगही छान पिवळा असतो, पण तो कपाटाच्या मागे पडलेला असतो, कारण तो जड असतो आणि उचलायला दोघं लागतात. ॲल्युमिनियमचा घ्या. आणि पेडलला वरून आणि बाजूनं झाकण असू द्या.

पाळी बदलताना सेटिंग अर्धवट राहिलं असेल तर दोन सेटरनी मशीनपाशी समोरासमोर बोलून काम सोपवायचं, आणि पहिल्याचं कुलूप निघायच्या आधी दुसऱ्याचं लागायचं. व्हॉट्सॲपवरच्या निरोपावर हे चालत नाही.

ठेक्यावरच्या मुलांबद्दल. हरियाणात गुरुग्राम-मानेसर भागात जखमी वाहन-उद्योग कामगारांसाठी काम करणारी सेफ इन इंडिया ही संस्था वर्षानुवर्षं जे मांडते आहे ते आपल्याकडेही दिसतं : बोटं जातात ती जास्त करून तरुण, बाहेरून आलेल्या, ठेकेदाराच्या मुलांची, प्रेसवर, आणि ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) कार्ड कित्येकांच्या हातात अपघातानंतरच पडतं. हेल्पर म्हणून घेतलेल्या मुलाला ऑपरेटर सुट्टीवर गेला म्हणून प्रेसवर बसवणं, हे रात्रपाळीत सर्रास चालतं. प्रत्येक प्रेसवर कोण बसू शकतं त्याची फोटोसह यादी लावा आणि रात्रीच्या सुपरवायझरला अधिकार द्या की यादीतला माणूस नसेल तर प्रेस बंद राहील. हा अधिकार खरा आहे हे तेव्हाच कळतं, जेव्हा सकाळी त्याला त्याबद्दल कोणी झापत नाही. पहिल्यांदा असं झालं की त्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्या.

हातमोजे : पत्र्याच्या धारेनं कापतं त्यासाठी कट-रेझिस्टंट हातमोजे जरूर द्या, ब्लँक हाताळताना ते लागतातच. रॅमखाली कुठलाही हातमोजा बोट वाचवत नाही. आणि ड्रिलसारख्या फिरत्या यंत्रावर हातमोजे घालू देऊ नका, ते गुंडाळून हात ओढला जातो.

ट्रेनिंग : मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, नवी मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा परिषद आहे, दोन्हीकडे अभ्यासक्रम असतात. तुम्ही स्वतः आणि तुमचा मेंटेनन्स प्रमुख आधी जाऊन या. कामगारांना मात्र सभागृहात बसवून स्लाइड दाखवण्यापेक्षा त्यांच्याच प्रेसपाशी, त्यांना समजेल त्या भाषेत शिकवा. तुमच्याकडे बिहार, झारखंड, ओडिशाची मुलं असतील तर मराठी फलकाचा त्यांना काय उपयोग? प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ऑपरेटरनं स्वतः टेस्ट रॉड घालून कर्टन रॅमला थांबवतो का ते पाहावं आणि मगच काम सुरू करावं. लांब व्याख्यानापेक्षा या सवयीवर माझा जास्त भरवसा आहे.

कामाचा क्रम पुन्हा एकदा सांगतो, कारण तुमच्यावर एचआरचंही काम आहे आणि सगळं एकदम होणार नाही. या आठवड्यात : क्लचची यादी, आणि की क्लचच्या ज्या प्रेसवर हात आत जातो त्या गार्ड बसेपर्यंत बंद. यात तडजोड नको. त्यानंतर टूलरूमचं रजिस्टर आणि मशीनपाशी उभं राहणं. मग स्टॉपिंग टाइम मोजणं, टार्गेट नव्यानं बेतणं. दंडाचं परिपत्रक निघालं नसेल तर थांबवा, निघालं असेल तर मागे घ्या, आणि बायपासच्या किल्ल्या मेंटेनन्स प्रमुखाकडे नोंदवहीत सही करून ठेवा.

आणि ज्या दोघांची बोटं गेली त्यांचं पुढे काय झालं याबद्दल तुमच्या प्रश्नात एक ओळही नाही, म्हणून विचारतो. ईएसआयला अपघाताची खबर वेळेत गेली का? बरं होईपर्यंतच्या काळात सरासरी रोजच्या पगाराच्या 90% इतका लाभ त्यांना मिळायला हवा, आणि कायमच्या अपंगत्वासाठी मेडिकल बोर्डापुढे न्यायला हवं. पूर्ण तर्जनी गेल्यास कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेतली घट 14% धरली आहे, एका हाताची दोन बोटं गेल्यास 20%. हे पैसे त्यांच्या हक्काचे आहेत, पण बोर्डाची तारीख, कागद, फेऱ्या या सगळ्यात ठेक्यावरचा माणूस कंटाळून गावी निघून जातो. त्यांच्यासोबत तुमच्या खात्यातला एक माणूस पाठवा. ते परत कामावर आले असतील तर त्यांना त्याच प्रेसवर बसवू नका. तपासणी किंवा स्टोअरमध्ये काम द्या, पगार कमी न करता. आणि त्या दोन्ही मशीनपाशी त्यांना घेऊन उभं राहा, त्या दिवशी पीस अडकला होता का ते विचारा. चौकशी अहवाल त्या उत्तराप्रमाणे नव्यानं लिहा. क्लचची यादी झाली की इथेच कळवा, प्रत्येक प्रेससाठी कुठला गार्ड बसेल ते आपण एकेक करून बघू.